घोळीच्या डोक्यातले दोन खडे

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं आमच्या घरात सगळे म्हणतात आणि ते खरं आहे. प्रयोगशाळेत मात्र माझी बोलती बंद असते. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत, एका रंगाच्या कारखान्याशेजारी आमची छोटीशी प्रयोगशाळा आहे. मधात साखरेचा पाक मिसळलाय का, हे शोधणं आमचं पोटापाण्याचं काम. उरलेल्या वेळात विद्यापीठांकडून आलेले शिंपले, प्रवाळ, गुहांमधले चुनखडीचे सुळके तपासायचे. माझा जीव या दुसऱ्या कामात.

काम सांगायला सोपं आहे. शिंपल्याची पूड, तीही चिमटीत येणार नाही इतकी कमी, काचेच्या कुपीत घालायची. कुपीतली हवा काढून हेलियम भरायचा आणि वरून काकवीसारखं दाट फॉस्फोरिक ॲसिड सोडायचं. पूड फसफसते, वायू निघतो, तो वायू यंत्रात जातो. यंत्र एवढंच बघतं की त्या वायूत जड ऑक्सिजन किती आणि हलका किती. थंड पाण्यात वाढलेल्या कवचात जड ऑक्सिजन जास्त बसतो. पाणी गरम असेल किंवा त्यात पावसाचं गोडं पाणी मिसळलं असेल, तर कमी बसतो. म्हणजे तो जीव कुठल्या पाण्यात वाढला, हे त्याच्या कवचाला विचारता येतं.

नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सरांनी मला एक गोष्ट सांगितली. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, जन्मभर भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, जगभरात कुठेही असं मोजमाप करा, ते ज्या मूळ नमुन्याशी ताडून बघतात तो म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या, म्हाकुळाच्या जातीच्या एका प्राण्याचं दगड झालेलं हाड. त्या हाडाची पूड कधीच संपली, आता त्याच्या जागी दुसऱ्या पुडी वापरतात, पण हिशेब अजून त्याचाच. मी म्हटलं, "अहो सर, म्हाकूळ तर आमच्या दारात टोपल्यांनी येतं!" सर हसले. मला मात्र हसू आलं नाही. बाजारात आई ज्याचे वाटे लावते त्याच्या खापरपणज्याच्या हाडावर सगळं जग मोजलं जातंय, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. तो अजूनही येतो.

मी कोळ्याची मुलगी. आता सालवडला भाड्याने राहते, पण आईबाबा गावातच, बोईसरपासून रिक्षाने अर्ध्या तासावर किनाऱ्याला. आमच्याकडे मोठी घोळ सापडली की तिच्या डोक्यातून दोन खडे निघतात. पांढरेशुभ्र, नखापेक्षा मोठे, एका बाजूने फुगीर. माशाच्या कानातले ते. त्यांच्यावर तो तोल सांभाळतो. ते खडे कुणी फेकत नाही. जोडीतला एक खडा मासा पकडणाऱ्याच्या घरी राहतो आणि दुसरा थोरल्याच्या घरी जातो, अशी आमची रीत.

या रीतीनेच आमचं घर मोडलं.

बावीस वर्षांपूर्वी माघात बाबाला एकट्याला, छोट्या होडीत, एक मोठी घोळ मिळाली. मासा त्याने समुद्रातच एका व्यापाऱ्याच्या बोटीला दिला आणि डोकं तेवढं घरी आणलं. त्या आठवड्यात त्याचं आणि थोरल्या भावाचं, म्हणजे माझ्या काकांचं, जाळ्यावरून वाजलं होतं. दोघेही हट्टी. म्हणून बाबाने डोक्यातला वाटा त्यांच्याकडे पाठवला नाही, घोळीचं नावही काढलं नाही. आईने कालवण केलं, दोघांनी खाल्लं. मी तेव्हा पालघरला होस्टेलवर होते, म्हणजे मीही साक्षीदार नाही. पुढे राग निवळला. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरल्या तेव्हा बाबाने जोडीतला दुसरा खडा काकांना नेऊन दिला. काकांचा मुलगा त्या वर्षी पहिल्यांदाच तांडेल म्हणून, सगळी बोट आपल्या हाती घेऊन, निघणार होता. त्याला शकुन म्हणून. "कधीची घोळ?" काकांनी विचारलं. "माघातली," बाबा म्हणाला. काकांनी खडा देवापाशी ठेवला.

सहाव्या दिवशी माझा चुलतभाऊ गेला. वारा उलटला, बोट आडवी झाली, बाकीचे तिघे पोहून आले, तो आला नाही.

दिवसकार्य उरकेपर्यंत कोण कुठे काय बोललं देव जाणे. कुणीतरी काकांच्या कानात घातलं की आषाढात एका सकाळी धाकट्याची होडी किनाऱ्यावर नव्हती. आमच्याकडे पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी समुद्रात जात नाही. सरकारची बंदी आहेच, पण त्याच्या आधीपासून ही आमची स्वतःची बंदी आहे. मासळी तेव्हा अंड्यावर असते. काकांनी देवापाशी ठेवलेला खडा उचलून बघितला, तो त्यांना नवा दिसला. त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. भावाने आषाढात चोरून मासा मारला, दर्याचा कायदा मोडला, त्या पापाचा खडा माझ्या घरात आणून ठेवला, आणि दर्याने माझा पोर नेला.

होडी नव्हती, हे खरं. उधाणाला घाबरून बाबाने ती खाडीत नेऊन बांधली होती. मी सुट्टीला घरी होते, दोराचं एक टोक मीच धरलं होतं. पण अठरा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं? आईचंही कुणी ऐकलं नाही. "मी आषाढात गेलो नाय," एवढं एकच वाक्य बाबाने गावाच्या भर बैठकीत तीन वेळा म्हटलं आणि घरी येऊन बसला. त्यानंतर बावीस वर्षं दोन घरांमध्ये पाण्याचा पेला गेला नाही. मधे तीन गल्ल्या आहेत फक्त.

मी काकांचा राग राग केला. चांगला बावीस वर्षं केला, आणि त्याची मला लाजही नव्हती.

गेल्या वर्षी काकांनी अंथरूण धरलं. तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी चालायला म्हणून निघायचा, काकांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा. आई म्हणायची, "जा ना एकदाचा. दोघांतला एक गेल्यावर दुसऱ्याने करायचं काय?" बाबा म्हणायचा, "खोटा म्हणून नाय जाणार. तो बोलला पायजे, की तू गेला नव्हतास. मग मी त्याच्या पायावर डोकं ठेवीन." बहात्तर वर्षांच्या माणसाला आता कोण समजावणार? मला दिसत होतं की हा असाच गल्लीच्या तोंडाशी उभा राहणार आणि आतून एक दिवस रडारड ऐकू येणार.

त्याच सुमाराला एका विद्यापीठाकडून आमच्याकडे माशांचे असले खडे तपासायला आले. सरांनी मला एक खडा राळेत बसवून, हिऱ्याच्या पातीने मधोमध कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. आत वलयं होती. एकात एक, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. मासा वाढतो तसा खडा बाहेरून थर चढवत वाढतो. प्रत्येक थर त्या त्या दिवसांच्या पाण्याचा. सगळ्यात बाहेरची कड म्हणजे मासा मेला तेव्हाचं पाणी.

मी उभ्या जागी खाली बसले. सर म्हणाले, "काय झालं? चक्कर आली?"

"सर," मी म्हटलं, "मासा माघात मेला की आषाढात, हे सांगता येईल?"

"आपल्या किनाऱ्यावर? आरामात. माघात पाणी थंड आणि खारं. आषाढात गरम आणि वरून पावसाचं. दोन्ही गोष्टी आकड्याला एकाच दिशेने ढकलतात. का ग?"

मी सगळं सांगून टाकलं. सरांनी यंत्राच्या फेऱ्यांची वही उघडून बघितली. मग म्हणाले, "एका फेरीत दोन-चार जागा रिकाम्या असतात. त्यात लाव. कुपीवर नाव लिहू नकोस, नुसता क्रमांक घाल. आणि उत्तर मनासारखं आलं नाही तर?"

"उत्तर मला माहीत आहे सर," मी फटकन म्हणाले. "मला फक्त कागद पाहिजे."

त्या रविवारी गावाला जाऊन मी आईकडे खडा मागितला. तिने पिठाच्या डब्यामागून फडक्यात बांधलेला खडा काढून दिला. "जपून वापर गो, संपत आलाय," म्हणाली. मी काय ऐकलं आणि काय नाही! माझं सगळं लक्ष त्या खड्यावर. घाईघाईत पर्समध्ये टाकला आणि रिक्षा पकडली.

कापला, घासला, सूक्ष्मदर्शकाखाली कडेची पूड काढली. ती इतकी बारीक की श्वास रोखून उचलावी लागते. कुपी लावली. यंत्राने आधी ठरलेल्या पुडी मोजल्या, त्या बरोबर आल्या, म्हणजे यंत्र शहाणं होतं. मग माझी कुपी.

आकडा आला तो पावसाळ्याचा. स्वच्छ पावसाळ्याचा. मी दुसरी कुपी लावली. तीही तशीच. तिसरी लावली.

सरांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला आणि आपल्या खोलीत गेले. मी तो चहा तसाच टाकून गावाला गेले. बाबा जाळं विणत बसला होता, आणि मी दारातूनच सुरू झाले. काय काय बोलले ते आता लिहवत नाही. एवढं आठवतं की "बावीस वर्षं आम्हाला वेड्यात काढलंस" असं म्हटलं, आणि "काकांची माफी मागायला पाहिजे मला" असंही म्हटलं. आई मधे पडली तर तिलाही सोडलं नाही.

बाबा चिडला नाही. हातातली सुई खाली ठेवली. "तुजं मशीन असं बोलतं?"

"हो."

"मशीन खोटं बोलत नाय?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा विणायला लागला. त्याने एकदाही म्हटलं नाही की मी गेलो नव्हतो. बावीस वर्षं जे वाक्य तो म्हणत आला ते मला म्हटलं नाही, आणि मला वाटलं, झालं, सापडला.

चार दिवस मी त्याला फोन केला नाही. पाचव्या दिवशी आईचा आला. राग विसरून, तातडीचा. "अगो, तो खडा परत दे. शेजारचा पोटात कळ येऊन लोळतो हाय. मुतखडा हाय त्याला. उगाळून द्यायचा हाय."

मी म्हटलं, "काय करायचा?"

"उगाळून! सहाणेवर. नेहमी देतो तसा."

माझ्या हातातला फोन पडायचा राहिला. मुतखड्यावर घोळीचा खडा पाण्यात उगाळून द्यायचा, हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत. मी स्वतः लहानपणी सहाण धुऊन दिलेली आहे. आमच्या आईचा गुण येतो म्हणून बेटेगावापर्यंतची माणसं यायची. बावीस वर्षं तो खडा सहाणेवर फिरत होता! मासा मेला तेव्हाची कड कुणाकुणाच्या पोटात केव्हाच गेली होती. मी मोजली ती आतली कड, मासा मरायच्या आदल्या पावसाळ्याची. यंत्र अगदी खरं बोललं होतं. मीच त्याला भलत्या दिवसाबद्दल विचारलं होतं.

मी कपाळावर हात मारून घेतला. नुसता म्हणायला नाही, खरोखर, फाडकन. "शेजाऱ्याला दवाखान्यात न्या आधी!" एवढं आईला ओरडून सांगितलं आणि सरांच्या खोलीत गेले. सर ऐकून घेऊन म्हणाले, "नमुना हातात घेतला की पहिला प्रश्न काय विचारायचा?"

"आजवर याचं काय काय झालंय," मी म्हटलं.

"मग?"

मग काय. मी कोळ्याची मुलगी, आणि एखाद्या परक्या माणसानेही विचारला असता तो प्रश्न मी विचारला नाही, कारण मला वाटलं आपल्या घरातलं आपल्याला सगळं माहीत असतं. बाबापुढे जाऊन मी कान धरले. तो म्हणाला, "तुला वाईट वाटलं ना, तेच लागलं मला. बाकी काय नाय." मला रडू आवरेना.

आता उरला दुसरा खडा. तो होता काकांकडे, असलाच तर.

बावीस वर्षांनी मी त्या घराची पायरी चढले. काकी दार उघडून बाजूला झाली. काका खाटेवर, उशीला टेकून. एवढा धिप्पाड माणूस, हाडं उरली होती. मी माझं काम सांगितलं. खड्यात काय असतं, यंत्र काय बघतं, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"तो तुजा बाप हाय," शेवटी म्हणाले. "तू त्याच्याच बाजूने बोलशील."

"काका," मी म्हटलं, आणि माझा पारा चढला, "मागच्या आठवड्यात यंत्राने बाबाच्या विरुद्ध सांगितलं तेव्हा मी बाबाला वाट्टेल ते बोलून आले. गावात विचारा, ऐकू गेलंय सगळ्यांना. मी कुणाच्या बाजूने खोटं बोलायला शिकले नाही. जे येईल ते तुमच्यासमोर सांगेन. तुमचं खरं निघालं तर तुमचं."

त्यांनी काकीकडे बघितलं. काकीने कपाटातून बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यात माझ्या चुलतभावाचं घड्याळ होतं, त्याचा फोटो होता, आणि कागदात गुंडाळलेला खडा. मला वाटलं होतं फेकला असेल. पण जिने पोर नेला असं वाटतं ती वस्तू माणूस फेकत नाही बहुतेक. खडा जसाच्या तसा होता. कडेवरच्या बारीक कंगोऱ्यांसकट.

"कापावा लागेल," मी हळूच म्हटलं.

काकीने पदर तोंडाला लावला. "काप," काका म्हणाले. "आणि येशील तेव्हा त्यालाबी आण. त्याच्या तोंडावर ऐकायचं हाय मला."

हा खडा कापताना मी देवाचं नाव घेतलं. प्रयोगशाळेत पहिल्यांदाच. या वेळी नुसती कड मोजली नाही. मधल्या बिंदूपासून, म्हणजे मासा जन्मला तिथपासून, कडेपर्यंत एकेक थर खरवडत गेले. आठवडाभर, रिकामी जागा मिळेल तशा कुप्या लावत गेले. आकडे येत गेले तसे ते आलेखावर मांडत गेले, आणि ती रेघ थंडीत वर, पावसात खाली जात पुढे सरकायला लागली. सुरुवातीला अगदी हलकं पाणी. ती घोळ लहानपणी खाडीत होती, गोड्या पाण्याच्या तोंडाशी. मग बाहेर खाऱ्यात. मग थंडी. मग उन्हाळा. मग पाऊस. पुन्हा थंडी. ज्या वर्षी मी दहावीला होते त्या वर्षीचा पावसाळा तिथे होता. ज्या थंडीत आजोबा गेले ती थंडी होती. आम्ही किनाऱ्यावर आपापल्या भानगडींत होतो आणि हा मासा आमच्यासमोरच्या पाण्यात गप्प फिरत, कानात ते सगळं जमवत होता. कुणासाठी? कुणासाठीच नाही. मला हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते माहीत नाही.

आणि शेवटची कड. कुपी फसफसली, वायू गेला, आकडा आला. रेघ वर चढत जाऊन टोकाशी थांबली होती. उन्हाळ्याचा उतार नाही, पावसाची पुसटशी खूण नाही. थंड, खारं पाणी. मी तीनदा मोजलं. सरांना एक कुपी न सांगता लावायला दिली, त्यांनाही तेच मिळालं.

माघ. बाबा बोलला होता तोच माघ.

मी टाळ्या वाजवून नाचले, खरं सांगते. सरांनी मला पेढे आणायला पाठवलं.

रविवारी सकाळी बाबाने इस्त्रीचा शर्ट घातला. त्या तीन गल्ल्या तो इतका सावकाश चालला की मला ओरडावंसं वाटत होतं. आई मागून. काकांच्या दारात तो थबकला, चपला काढल्या, आत जाऊन भिंतीशी उभा राहिला. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत होते.

मी खाटेवर आलेख उलगडला. मला समजावून सांगायचं होतं, तयारी करून आले होते. पण काकांनी रेघेवर बोट ठेवलं आणि स्वतःच वाचायला लागले. शाळेत न गेलेला माणूस! "हा पाऊस," म्हणाले. "ही थंडी. हा पाऊस... या सालात पाऊस कमी झाला, बघ, रेघ खाली गेली नाय फार. बरोबर हाय." बोट पुढे सरकत होतं. जन्म समुद्रावर काढलेला तो माणूस यंत्राचा कागद घरच्या पंचांगासारखा वाचत होता. बोट शेवटच्या टोकाला आलं आणि थांबलं.

"थंडी," काका म्हणाले. "माघ."

"हो," मी म्हटलं. मला वाटलं आता ते बाबाकडे बघतील. बावीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला, असं वाटलं. छाती फुगून आली होती माझी.

काकांनी बाबाकडे बघितलं नाही. ते कागदाकडेच बघत होते. मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मी एक पाऊल मागे आले.

"मग माजा पोर का गेला?" ते म्हणाले. "त्या दिशी वारा बरोबर नव्हता. तो बोलला, बाबा, आज नको. मी धाडला त्याला. पहिला मोसम, लोक काय बोलतील म्हणून मी धाडला. तू नाय गेलास आषाढात. मग मीच..."

काकी जमिनीवर बसली. ही गोष्ट तिलाही माहीत नसावी. आठवडाभर मी त्या माशाच्या आयुष्यातला एकेक महिना वाचला होता, आणि हे घर इतकी वर्षं कशावर उभं होतं ते मला कळलं नव्हतं. मी येऊन त्याखालचा दगड काढून घेतला होता.

तेव्हा बाबा भिंतीपासून पुढे आला. खाटेच्या कडेला बसला आणि काकांच्या हातातला कागद काढून बाजूला ठेवला.

"दादा," तो म्हणाला, "हा खडा माघातलाच हाय. पण आषाढात मी गेलो होतो. त्या सकाळी. काय मिळालं नाय, म्हणून कुणाला कळलं नाय. पण गेलो होतो मी."

मी तोंड उघडलं. आईने माझा दंड असा धरला की बोटं रुतली. मी तिच्याकडे बघितलं. ती रडत होती आणि मान हलवत होती, नको, नको.

काकांनी आता बाबाकडे बघितलं. त्यांना पटलं की नाही, हे मला आजवर कळलेलं नाही. मग त्यांनी बाबाचं मनगट धरलं. दर्यावरची माणसं धरतात तसं, सुटू नये असं.

"पाणी कसं होतं?" त्यांनी विचारलं.

"काळं होतं, दादा," बाबा म्हणाला. "मोठं होतं. कुणालाच झेपलं नसतं." आणि ज्या पाण्यावर तो कधी गेलाच नव्हता, ते पाणी त्याने आपल्या भावाला, लाटेमागून लाट, सगळं सांगितलं.